चीनशी शिपिंग करार करताय ना, मग बोटीवरच्या माणसाचं कलम आधी लिहा

प्रति,
मा. केंद्रीय बंदरे, जहाजवाहतूक व जलमार्ग मंत्री, नवी दिल्ली
आणि डीजी शिपिंग, मुंबई

साहेब, नमस्कार.

चीनबरोबर जहाज वाहतुकीचा नवा करार करायचा का, बोलणी सुरू करायची तर कशावर करायची, याचा विचार दिल्लीत चाललाय असं शिपिंगमधल्या लोकांच्या तोंडी आहे. सध्याची हवा बघता पटण्यासारखंही आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये सीमेवरच्या गस्तीचं काहीतरी मिटलं, 2025 मध्ये कैलास मानसरोवर यात्रा परत सुरू झाली, चिनी टुरिस्टना आपण व्हिसा द्यायला लागलो, ऑक्टोबर 2025 पासून कोलकात्याहून ग्वांगझूला डायरेक्ट विमान जायला लागलं. लिपुलेख, शिपकी ला, नाथू ला या खिंडींमधून व्यापार परत सुरू करायचं पण बोलून झालं. राहिला समुद्र, आणि खरा माल तर तिकडूनच येतो.

माझे मिस्टर बोसन आहेत, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. सासरे बोटीवर होते, मिस्टर बोटीवर आहेत, भाच्याचा जीपी रेटिंगचा, म्हणजे साध्या खलाशाचा कोर्स नुकताच झालाय आणि तो जॉइनिंगची वाट बघत घरी बसलाय. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात अशी घरं वाडीवाडीत आहेत. त्यामुळे त्या मसुद्यात काय लिहिलं जातं यावर बोलायचा मला हक्क आहे असं मी धरून चालते. ऑफिसात अर्ज दिला की पोच मिळते आणि तिथेच संपतं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

करार नको असं माझं म्हणणं नाही, हे आधीच सांगते. चीनचं नाव निघालं की अर्धे लोक बहिष्कार बहिष्कार करतात (तेही बहुतेक चिनी मोबाइलवरून) आणि अर्धे धंदा वाढणार म्हणून खूश होतात. मला दोन्हीत पडायचं नाही. 2024-25 मध्ये आपण चीनकडून 113 अब्ज डॉलरच्या वर माल घेतला आणि त्यांना दिला 14 अब्जाच्या आसपास, म्हणजे व्यवहार जोरात चालू आहे, न्हावा शेवाला त्यांचे कंटेनर उतरतायत, आपली माणसं त्यांच्या बंदरात जातायत येतायत, फक्त तिथे एखादा माणूस अडकला तर कोणी कोणाला फोन करायचा आणि किती दिवसात काय करायचं याचा ठरलेला कागद कुठे कामी आलेला मला दिसला नाही. 1996 मध्ये दोन देशांमध्ये जहाज वाहतुकीचा एक करार झाला होता, पण अडकलेल्या माणसाला त्याचा उपयोग झाल्याचं कोणी सांगत नाही. कागद हवाच. पण असे करार मालाचे आणि मालकांचे होतात आणि माणूस शेवटच्या पानावर येतो, आणि माझी तक्रार तिथून सुरू होते.

2020 आठवा जरा. 'जग आनंद' नावाची बोट, आपला झेंडा म्हणजे नोंदणी भारतातली, 23 आपली माणसं, जूनमध्ये ऑस्ट्रेलियाचा कोळसा घेऊन चीनच्या जिंगतांग बंदराबाहेर पोचली. माल उतरवून देईनात, क्रू बदलू देईनात, निघून जायचं म्हटलं तर तेही सोपं नाही कारण पोटात दुसऱ्याचा कोळसा. सप्टेंबरमध्ये 'अ‍ॅनास्तासिया' आली, 16 भारतीय, काओफेदियानजवळ तेच. एकूण 39 माणसं. चीन म्हणत होता कोविडचे नियम आहेत. आपल्याच परराष्ट्र मंत्रालयाने तेव्हा सांगितलं होतं की यांच्या नंतर आलेल्या काही बोटी माल उतरवून निघून पण गेल्या. भांडण कोणाचं होतं, चीन आणि ऑस्ट्रेलियाचं. कोळसा आपला नाही, भांडण आपलं नाही, आणि नांगर टाकून बसलेले मात्र आपले.

शेवटी काय झालं, तर 'जग आनंद' जानेवारी 2021 मध्ये जपानला चिबाला गेली आणि तिथे क्रू बदलला, 'अ‍ॅनास्तासिया'ची माणसं फेब्रुवारीत घरी आली, तीही जपानमार्गेच. म्हणजे चीनच्या बंदरासमोर एवढे महिने काढून सुटका तिसऱ्या देशात. हे मला आजही पचत नाही.

अँकरेजला अडकणं म्हणजे काय हे फाइलमध्ये कळत नाही म्हणून थोडं सांगते, मिस्टरांकडून ऐकलेलं आणि फोनवर मी स्वतः बघितलेलं. बोट चालू असली की दिवसाला आकार असतो, वॉच असते, पोर्ट जवळ येतं, काहीतरी पुढे सरकतं. नांगरावर सगळं जागच्या जागी. गंज काढा, रंग मारा, परत तोच गंज. रात्री बंदराचे दिवे दिसतात, गावाला येणारी एसटी घाटात दिसावी आणि ती येऊच नये तसं. गोडं पाणी मोजून, आंघोळीची वेळ ठरलेली. प्रोव्हिजनची भाजी आधी संपते, मग अंडी, मग कुक रोज डाळीला वेगळं नाव देतो. नेटवर्क लागलं तर लागलं. आणि या सगळ्यात कोणाची दाढ सुजली, कोणाचं बीपी वाढलं, तर सॅटेलाइट फोनवर डॉक्टर सांगेल ती गोळी, तीही बोटीवरच्या पेटीत असली तर. कॉन्ट्रॅक्ट संपून गेलेल्या माणसाला हे सगळं करायला लावणं याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आणि नियम नव्हता असं पण नाही. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन हा खलाशांच्या हक्कांचा जागतिक करार आहे, भारताने आणि चीनने दोघांनीही 2015 मध्येच मान्य केलंय, त्यात आजारी खलाशाला किनाऱ्यावर उपचार द्यायचं आहे, वर्षभर होण्याच्या आत माणसाला घरी पाठवायचं आहे. तरी जे झालं ते झालं. जगाच्या करारात अडलेल्या माणसासाठी दिल्लीतल्या अमुक टेबलाने बीजिंगमधल्या तमुक टेबलाला इतक्या तासात विचारायचं असं लिहिलेलं नसतं, ते दोन देशांच्या करारातच लिहिता येतं. म्हणून मी करार हवा म्हणतेय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यावर कोणी बोलताना मला दिसत नाही. असे करार झेंड्यावर चालतात. 'दोन्ही देशांच्या जहाजांना' असं लिहिलं की विषय संपला. आता माझ्या घराचंच बघा, सासरे शिपिंग कॉर्पोरेशनच्या बोटीवर होते, झेंडा आपला, ऑफिस मुंबईत, काही अडलं तर सासूबाई लोकल पकडून विचारायला जायच्या. मिस्टरांच्या सीडीसीतले, म्हणजे खलाशाच्या सरकारी नोंदवहीतले शिक्के काढून बघितले तर पनामा, लायबेरिया, मार्शल आयलंड्स. मालक ग्रीक, मॅनेजर सिंगापूरचा, क्रू आपला आणि फिलिपिन्सचा, एजन्सी अंधेरीत. आपल्या बहुतेक खलाशांचं हेच आहे, कारण आपल्या झेंड्याच्या बोटी आहेत किती. पंतप्रधानांनीच सप्टेंबर 2025 मध्ये भावनगरला सांगितलं की पूर्वी देशाचा 40 टक्के व्यापार आपल्या जहाजांवर चालायचा तो 5 टक्क्यांवर आलाय आणि परदेशी कंपन्यांना वर्षाला सहा लाख कोटी भाडं जातं. पैशाचं बरोबर आहे, पण त्या 5 टक्क्यांचा दुसरा अर्थ असा की उद्या करारात नुसतं 'भारतीय जहाज' लिहिलंत तर जगातल्या खलाशांपैकी साधारण 12 टक्के भारतीय असल्याचं तुम्ही अभिमानाने सांगता त्यातले बहुतेक या कराराच्या बाहेर राहतील. 'जग आनंद' आत, 'अ‍ॅनास्तासिया' बाहेर, कारण ती परदेशी मालकाची. दोन्हीवर माणसं आपलीच होती ना.

तेव्हा कलम झेंड्यावर नको, सीडीसीवर लिहा. बोट कुठलीही असू दे, भारतीय सीडीसी असलेला माणूस चीनच्या बंदरात आला तर त्याला हे हे हक्क, आणि चिनी खलाशी आपल्या बंदरात आला तर त्यालाही तेच. त्यांचे पण लाखो लोक बोटीवर आहेत, त्यांनाही फायदाच आहे, ते नाही म्हणतील असं मला वाटत नाही. 2020 मध्ये तुम्हीच बायोमेट्रिक आयडी काढलं, चेहऱ्यावरून ओळख पटवणारं जगातलं पहिलं म्हणून कौतुक झालं, मिस्टरांचं पण आहे, कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत सीडीसीबरोबर ठेवलेलं असतं. ते कार्ड चीनच्या इमिग्रेशनने शोअर लीव्हला म्हणजे बोटीवरून थोडा वेळ बंदरात उतरायला, दवाखान्याला, एअरपोर्टला जायला मान्य करायचं असं लिहून घ्या ना, नाहीतर त्या कार्डाचा उपयोग काय.

दुसरं 2021 चं. हे आमच्या घरात झालंय म्हणून जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. त्या वर्षी मिस्टरांचं जॉइनिंग ठरलं होतं. मेडिकल झालं, टेस्ट झाल्या, बॅग भरली, बॉयलर सूट तळाशी, वर मेतकूट आणि आमसुलांची पिशवी कारण बोटीवरच्या जेवणाला चव आणायला तेवढंच. आणि एजन्सीचा व्हॉट्सअ‍ॅप आला, व्हेसल चायनाला कॉल करणार आहे, इंडियन क्रू घेत नाहीयेत, नेक्स्ट व्हेसलला बघू. बस. लेटर नाही, मेल नाही. एजन्सीला विचारलं तर म्हणे ओनर सांगतो, ओनर म्हणे चार्टरर (बोट भाड्याने घेणारा) सांगतो, चार्टरर म्हणे चीनच्या पोर्टमध्ये त्रास होतो. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे बोटीवर असेल तेव्हाच पगार, घरी असेल तर शून्य. घराचा हप्ता मात्र बंद नसतो होत. पुढची बोट मिळेपर्यंत काय काय मोडलं ते इथे लिहीत नाही.

तेव्हा खलाशांच्या एका युनियनने मंत्रालयाला पत्र लिहिलं होतं की चीनने भारतीय क्रूवर अघोषित बंदी घातलीय. चीनने साफ सांगितलं की अशी काही बंदी नाहीच. आणि खरंच कागदावर नव्हतीच ना. कागदावर नसलेल्या बंदीविरुद्ध कोणाकडे जायचं, कोर्टात काय दाखवायचं, व्हॉट्सअ‍ॅप? म्हणून माझं म्हणणं, करारात एक साधी ओळ हवी की एखाद्या देशाच्या खलाशांवर कुठलंही बंधन घालायचं असेल तर ते लेखी, कारणासकट, आधी दुसऱ्या देशाला कळवून, आणि ठरावीक मुदतीपुरतंच. असं कळवलेलं नसेल तर बंधन नाही असंच धरायचं, आणि मग आमच्या एजन्सीवाल्याला आणि त्याच्या ओनरला पण मागे लपता येणार नाही. पुढची साथ कधी येईल सांगता येत नाही, पुढचं भांडण तर येणारच आहे.

आता मालाचं. यात माझा अभ्यास तुमच्याइतका नाही, पण दिसतं ते बोलते. करारात 'समान वागणूक' हा शब्द हमखास असणार, त्यांच्या बोटींना आपल्या बंदरात आपल्यासारखी वागणूक, आपल्याला तिकडे त्यांच्यासारखी. ऐकायला छान. पण जगात बांधल्या जाणाऱ्या जहाजांपैकी निम्म्याहून जास्त टनेज आज चीनमध्ये बांधलं जातं, आपला वाटा एक टक्का पण नाही. कॉस्को ही त्यांची सरकारी कंपनी जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांमध्ये. कंटेनरचे डबे जवळपास सगळे तिकडेच बनतात. 2020-21 मध्ये रिकाम्या डब्यांची कशी मारामार झाली होती, भाडी कुठल्या कुठे गेली होती, ते आपल्या निर्यातदारांना विचारा, बोट आहे, माल आहे, डबा नाही. अशा दोघांमध्ये समान वागणूक लिहिली की त्यांच्या पन्नास बोटींना सवलत आणि आपल्या एका बोटीला. गोव्याने तर एका गिऱ्हाईकावर सगळं टाकलं की काय होतं ते पाहिलंच आहे, हलक्या प्रतीचं लोहखनिज मुरगावहून चीनला बार्जेसच्या बार्जेस भरून जायचं तेव्हा सगळे खूश होते, 2012 मध्ये इकडे खाणी थांबल्या आणि बार्ज नदीत उभे राहिले. खाणी थांबण्याचं कारण वेगळं होतं, मान्य, पण त्या पैशातून आपल्या झेंड्याच्या किती बोटी झाल्या ते सांगा. तेव्हा समान वागणूक द्यायची तर निदान सरकारी मालापुरती, म्हणजे खत, कोळसा, तेल, आपल्या झेंड्याच्या बोटींना दिलेली सवलत या करारात विरघळून जाऊ देऊ नका. 2021 मध्ये तुम्हीच त्यासाठी 1624 कोटींची योजना काढली होती, एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने घेऊ नका.

किनाऱ्यावरची वाहतूक, म्हणजे मुंबईहून कोचीला नाहीतर मुंद्र्याहून चेन्नईला देशातला माल नेणं, हे करारात अजिबात नको. टर्मिनल चालवायला देणं पण नको, श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर 2017 मध्ये 99 वर्षांसाठी चिनी कंपनीकडे गेलं ते आपल्या शेजारीच गेलं. यावर जास्त लिहीत नाही, तुम्हाला माहितीच आहे.

एक प्रश्न मात्र जरूर विचारा, हाँगकाँग यात येणार का? हाँगकाँगचं जहाजांचं रजिस्टर वेगळं आहे आणि त्या झेंड्याखाली आपले ऑफिसर, इंजिनियर भरपूर आहेत. बीजिंगशी करार करून आलात आणि नंतर कळलं की हाँगकाँग त्यात नाहीच, असं होऊ नये. बोलणी सुरू व्हायच्या आधीच हे लेखी विचारून घ्या.

करार झाला की सगळं सुरळीत, असं पण मला वाटत नाही. युरोपियन युनियनने चीनशी 2002 मध्ये करार केला तो लागू व्हायला 2008 उजाडलं. अमेरिकेने 2003 मध्ये केला, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये त्याच अमेरिकेने चिनी बोटींवर पोर्ट फी लावली, चीनने त्याच दिवशी उलटी फी लावली, आणि वर म्हणाला की तुम्ही करार मोडलात. नोव्हेंबरमध्ये दोघांनी वर्षभरासाठी थांबवलं. म्हणजे मोठे भांडले की कागद बाजूला राहतो. म्हणूनच मालाची कलमं भांडणात अडकली तरी माणसांची कलमं चालू राहतील असं वेगळं लिहा. युद्धात पण जखमींचे नियम वेगळे असतातच की.

तर मागण्या. लिहून ठेवा म्हणजे झालं.

खलाशांचं प्रकरण करारात पहिलं, सीडीसीवर आधारित, झेंडा कुठलाही असो. बोट अँकरेजला अडकली तर ठरलेल्या दिवसांनंतर क्रू बदलायची परवानगी आपोआप, माल उतरो न उतरो, आणि तो आकडा करारात लिहिलेला, 'यथाशीघ्र' वगैरे चालणार नाही. आजारी माणसाला किनाऱ्यावर नेणं लगेच, बिल कोण भरणार ते नंतर भांडा. अघोषित बंदी चालणार नाही हे कलम, वर सांगितलं तसं. दोन्ही देशांची एक समिती, वर्षातून एकदा हार घालायला भेटणारी नको, चोवीस तास फोन उचलणारा माणूस असलेली, आणि तो नंबर घरच्यांना पण माहीत पाहिजे. एजन्सीकडे असून काय उपयोग. किनारी वाहतूक आणि टर्मिनल बाहेर. पाच वर्षांनी फेरविचार, आणि तोपर्यंत किती भारतीय खलाशी चीनच्या बंदरात अडकले, किती दिवस, किती सुटले याचा हिशोब दर वर्षी संसदेत.

आणि मसुदा दाखवा. ओनर लोकांना तुम्ही बोलावणारच, जहाजमालकांची संघटना इन्सा येईल, बोलवा, त्यांचा हक्क आहे. पण खलाशांची नुसी, ऑफिसरांची एमयूआय आणि बाकीच्या युनियन पण त्याच टेबलावर पाहिजेत, नंतर चहाला नको. 2025 मध्ये 1958 च्या जागी मर्चंट शिपिंगचा नवीन कायदा संसदेत मंजूर झाला, त्यात काय बदललं हे आमच्यासारख्या घरांना आजपर्यंत कोणी बसवून सांगितलेलं नाही. या वेळी मसुदा मराठीत, हिंदीत, मल्याळममध्ये, तमिळमध्ये टाका, एक सुनावणी मुंबईत घ्या आणि एक रत्नागिरीला. बोटीवरची माणसं बोटीवर असणार, त्यामुळे बायका, आया, निवृत्त म्हातारे येतील, त्यांना गर्दी समजू नका, त्यांना सगळं माहिती असतं. आमचे सासरे ऐंशीच्या घरात आहेत पण पोर्ट स्टेट कंट्रोलवाला, म्हणजे बंदरात बोट तपासायला येणारा अधिकारी, काय बघतो ते अजून पाठ आहे.

सुनावणीची तारीख निदान महिनाभर आधी कळवा, आणि गणपतीत ठेवू नका, कोकणात तेव्हा कोणी येणार नाही. मिस्टरांचं साइन ऑफ म्हणजे बोटीवरून उतरणं त्याआधी झालं तर ते स्वतः येतील, नाहीतर मी येईनच.

आपली,
एका बोसनची बायको
गुहागर तालुका, जि. रत्नागिरी